घोंगड्याखालचं मेण

साचा उपडा केला, बुडावर चापट मारली आन् मेणबत्ती हातात आली. बघते तर तिच्या तोंडावर देवीचे वण पडल्यागत खड्डे. अंगाला एका बाजूनं नुसते पांढरे चट्टे.

पाममेणाची मेणबत्ती ज्यानं बघितली न्हाई त्याला सांगते. तिच्या अंगावर नक्षी आपोआप उठती. कुणी काढायची न्हाई, कोरायची न्हाई. मेण सावकाश निवत गेलं की आतल्या आत पिसं पसरल्यागत फुलतं. ती नक्षी हाच तिचा दागिना. आन् माझ्या हातातली निम्मी नटलेली आन् निम्मी भुंडी. दुसरी काढली, तशीच. तिसरी तर मधोमध चिरलेली.

"कुणी केलं हे?"

माझ्या तोंडातनं पहिला शब्द हाच निघाला. काय झालं न्हाई, कसं झालं न्हाई. कुणी केलं! माझा स्वभावच तसला. दूध नासलं तरी मी आधी आजूबाजूची तोंडं बघते. माझी आई म्हणायची, हर्षदा, तुझ्या डोळ्यात पोलीस बसलाय. बसलाय तर बसलाय. ह्या जगात पोलीस बसलेलाच बरा.

आम्ही खुटबावच्या शिवारात वस्तीवर राहतो. सासरे गेणबामामा जल्मभर मेंढरांमागं हिंडले. आता मेंढरं गेली, गुडघे गेले, एक घोंगडं तेवढं राहिलं. सासू धुरपदा, त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमचे हे, शंभू, ऊस आन् दोन म्हशी बघतात. शेजारी भिंतीला भिंत लावून चुलत जाऊ गिताबाई. आन् आंगणाच्या कडंला पत्र्याची खोली, जिच्यात पूर्वी कोकरं ठेवायचे. ती रिकामी पडली तवा मी ह्यांच्या मागं लागून मागून घेतली. तिच्यात मी मेणबत्त्या करते.

त्याच्या आधी मी कुरकुंभला एका कंपनीत पॅकिंगला जायची. पहाटं बस यायची. दिवसभर उभं राहायचं. घरी आल्यावर पाय असे सुजायचे की चपलांचे पट्टे मांसात रुतायचे. मग यवतला बचत गटाच्या बायांना मेणबत्तीचं शिक्षण दिलं, तिथं मी शिकले आन् बसचा नाद सोडला. पण ह्यांना मधीच एक दलाल भेटला. त्याला रंगाचे डबे ठेवायला खोली भाड्यानं पायजे व्हती.

हे मला म्हणले, "नाताळापातूर बघू. त्या दयाबाईंची ऑर्डर नीट गेली तर खोली तुझी. न्हाई गेली तर दलालाला देऊन टाकू आन् तू आपली कंपनीची बस धर."

बस म्हणल्यावर माझ्या पोटऱ्या ठणकायला लागल्या.

दयाबाई म्हंजी दौंडच्या. जल्मभर दवाखान्यात नर्सचं काम केलेली ख्रिस्ती बाई. यवतला गटाच्या स्टॉलवर त्यांनी माझी मेणबत्ती बघितली. ती मी दसऱ्याच्या सुमाराला, ऑक्टोबरच्या उकाड्यात केलेली. त्यांनी ती उजेडात धरून गोल गोल फिरवली आन् तिथंच सांगितलं, "माझ्या नातीचं, इवाचं लग्न आहे नाताळ झाल्यावर. देवळात वेदीपुढं अशाच पाहिजेत मला. अगदी अशाच." त्यांच्यात चर्चलाबी देऊळच म्हणतात. नमुन्याची मेणबत्ती त्या घेऊन गेल्या.

आन् आता थंडी पडली, ऑर्डरचं काम काढलं, तर हे असं.

त्याच दिवशी दुपारी दयाबाई रिक्षानं वस्तीवर हजर. काम कुठवर आलं बघायला. मी मेणबत्त्या पदराखाली झाकायला गेले, पण त्यांचे डोळे तेज. म्हणल्या, "दाखव."

दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला, केसांत खोचलेला आकडा काढला आन् मेणबत्तीच्या बुडाला खरवडलं. ते खरवडलेलं बोटांनी चोळलं, नाकाशी धरलं.

"पॅराफिन मिसळलंस का गं?"

"न्हाई हो बाई. देवाशपथ न्हाई."

"कुठल्याही देवाची शपथ घालू नकोस. एकदा एका माणसानं आम्हाला असंच फसवलं. नाताळच्या उपासनेत मेणबत्त्या पेटवल्या आणि इतका धूर झाला की भिंत काळी पडली. ती मी स्वतः घासली, या हातांनी." त्यांनी पिशवीतनं नमुन्याची मेणबत्ती काढून माझ्या मेणबत्त्यांशेजारी ठेवली. "ही तूच केलीस ना? की कुणाकडून आणून आपली म्हणून विकलीस?"

आंगणात आत्याबाई ज्वारी पाखडत व्हत्या. गिताबाई कपडे वाळत घालत व्हती, एकच लुगडं केवढा येळ झटकत व्हती. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोरी न करता चोर ठरायचं, त्याच्यापरीस केलेली बरी.

"रविवारी उपासना झाली की येते," दयाबाई जाताना म्हणल्या. "तोवर जमलं तर ठीक. नाही तर मी पुण्याहून मागवीन."

त्या गेल्या आन् मी नव्यानं पोलीस झाले. पहिला संशय दुकानदारावर. यवतला रविराज म्हणून एकजण मेण इकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खराब मेणबत्ती पिशवीत घालून त्याच्या दुकानात गेले आन् काउंटरवर आपटली.

"रविराजभाऊ, तुमच्या मेणात भेसळ हाय."

दुकानात गिऱ्हाइकं व्हती. त्याचं तोंड लाल झालं. "वहिनी, हळू बोला. तुमच्याच पोत्यातलं मेण त्या लोणी गावच्या बाया नेतात. त्यांची एक तक्रार न्हाई."

"त्या सांगत नसतील."

"मग तुम्हीच का सांगता?" त्यानं माझ्यासमोर नवं पोतं आणलं, शिवलेलं तोंड दाखवलं आन् कात्री माझ्याच हातात दिली. "घ्या. तुमच्या हातानं उसवा, तुमच्या हातानं भरा. ह्याच्यातबी चट्टे आले तर मेणाला न्हाई, हाताला बघा."

हाताला बघा म्हणे! सगळी गिऱ्हाइकं माझ्या हाताकडं बघायला लागली. मी मेण घेतलं आन् निघाले. यष्टीत खिडकीला बसून मी माझी बोटं बघत व्हते. चटके बसून शेंड्याची कातडी गुळगुळीत झालेली, दुसरं काही न्हवतं.

त्या दिवशी मी सगळं जपून केलं. टोपात मेण, टोप पाण्याच्या पातेल्यात. झाकणाचं पाणी मेणात ठिबकायला नको म्हणून झाकणाला फडकं बांधलं, कारण पाण्याचा थेंब पडला की खड्डा पडलाच. साचे पुसून चुलीच्या उबेला मांडले. गार साच्यात मेण ओतलं की चट्टा उठतो, हे यवतला शिक्षण देणाऱ्या मॅडमनी शिकवलेलं. थर्मामीटर बघून, मेण चांगलं कडक तापल्यावर ओतलं. वातीजवळ सुईनं टोचून आतली हवा काढली. आन् मग झाकलं.

झाकायची तऱ्हा आमच्या घरची. शिक्षणात मॅडमनी थर्माकोलची पेटी सांगितली व्हती. मेण हळूहळू निवलं पायजे, वारं लागता कामा नये. मी पेटी शोधत हिंडत व्हते, तर मामांनी खुंटीवरचं घोंगडं काढून दिलं.

"कोकरं जल्मली की थंडीत डालग्याखाली ठेवायचो," मामा म्हणलेले. "वर हे घोंगडं टाकायचं. एक कोकरू दगावायचं न्हाई. मग तुझं मेण कशानं दगावतंय?"

तवापासनं साच्यांवर बांबूचं डालगं आन् डालग्यावर मामांचं घोंगडं. दसऱ्याच्या मेणबत्त्या अशाच फुललेल्या. ती पहिली मेणबत्ती मी आत्याबाईंच्या हातात दिली व्हती. त्यांनी ती किती तरी येळ न्याहाळली, नुसतं "हं" म्हणल्या आन् खाली ठेवून उठून गेल्या. चांगली म्हणल्या न्हाईत, वाईट म्हणल्या न्हाईत. ते "हं" माझ्या मनात काट्यागत रुतून बसलेलं.

तिन्हीसांजंला मी डेअरीवर दूध घालायला गेले. रोजचंच. किटली घेऊन जायचं, रांगेत उभं राहायचं, फॅट बघून घ्यायचं आन् परत. सकाळी साचे उपडे केले. परत खड्डे, परत चट्टे. नव्या पोत्याचं मेण, तरीबी.

मग एकेक मेणबत्ती उन्हात आणून बघायला लागले. डोळ्यातला पोलीस आता कामाला लागला. एका मेणबत्तीच्या तोंडावर खड्ड्यात पांढरा खडा दिसला. नखानं उकरला, जिभेवर ठेवला. खारट! खडेमीठ. दुसरीच्या तोंडावर काळा ठिपका. उकरला तर मोहरीचा दाणा.

मेणात मीठ-मोहरी?

मी बारावी झालेली बाई. करणीबिरणी मी मानत न्हाई. पण मेणात मीठ-मोहरी निघाली की न मानणाराबी मागं वळून बघतोच. कुणीतरी माझ्या खोलीत येऊन, माझ्या मेणावर कायतरी टाकून जातंय, एवढं तर खरं ना? मग ते कोण? गिताबाई! दुसरं कोण? लुगडं झटकत ऐकत उभी राहणारी. "मेणबत्तीवाली" म्हणून मला चिडवणारी. तिनं एकदा खोली मागितली व्हती, शेळ्यांसाठी.

नळावर गाठली तिला.

"गिताबाई, माझ्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई. सांगून ठेवते."

ती हंडा भरायची थांबली. "म्या कशाला येऊ तुझ्या खोलीत?"

"मीठ-मोहरी टाकायला."

"काय?"

"करणी करायला!"

नळाचं पाणी हंड्यावरनं वाहायला लागलं तरी तिला भान न्हाई. मग तिनं हंडा ओतून दिला, तिथंच, माझ्या पायावर. थंडीचं गार पाणी. "माझ्या दारात पोरंबाळं हायेत. पुन्यांदा हा शब्द काढलास तर जीभ हासडीन," म्हणली आन् रिकामा हंडा घेऊन गेली. वस्तीवरच्या बाया बघत राहिल्या. मी ओल्या पायानं घरी आले. पण मन म्हणत व्हतं, बघ, किती झोंबलं तिला. खरं असल्याशिवाय झोंबतं का?

दुपारी परत मेण ओतलं. डेअरीला जाताना खोलीच्या कडीला काळा दोरा बांधला, बारीक, दिसणार न्हाई असा. मामा आंगणात बाजेवर बसलेले. त्यांना सांगितलं, "मामा, खोलीकडं ध्यान ठेवा. कुणाला आत जाऊ देऊ नका."

मामा म्हणले, "व्हय व्हय."

परत आले तर दोरा तुटून खाली पडलेला. मामा तिथंच बाजेवर.

"मामा, कोण गेलतं आत?"

मामांनी तोंड फिरवलं. खिशात चंची शोधायला लागले. "तंबाखू कुठं गेली गं माझी?"

"मामा, मी काय विचारते?"

"मला डोळ्यानं कुठं दिसतंय नीट," ते पुटपुटले. दोन शेतापलीकडची म्हैस कुणाची ते सांगणारा माणूस, त्याला आता दिसत न्हाई!

गिताबाई आत गेली असती तर मामांनी काठी घेऊन हाकलली असती. मामा तोंड फिरवतात ते एकाच माणसासाठी. मी चुलीकडं बघितलं. आत्याबाई भाकरी थापत व्हत्या. वर बघितलं न्हाई. मीठ-मोहरीचे डबे त्यांच्या हाताशीच.

मग मला सगळं जुळत गेलं. ते "हं". दोन दिसांमागं दलाल आला तवा त्याला च्या कुणी करून दिला? आत्याबाईंनी. हे दलालाला खोली दाखवत व्हते तवा आत्याबाई दाराशी उभं राहून काय म्हणल्या? "पत्रा गळत न्हाई, भिंती चांगल्या हायेत." माझी खोली त्यांनीच वाखाणली! मी कंपनीत जायची तवा घरात त्यांचंच राज्य व्हतं. आता मी दिवसभर घरात. सासूला सून डोळ्यापुढं नको असती, ह्यात नवीन ते काय?

त्या दिवशी मी जेवले न्हाई. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणलं, "तुमच्या आईला विचारा." हे म्हणले, "आता आईनं काय केलं?" आत्याबाई आतनं सगळं ऐकत व्हत्या. ताटात कालवण वाढलं, माझ्यापुढं सरकवलं आन् गेल्या. मला वाटलं, कालवणातबी कायतरी घातलं असंल. बघा, संशय माणसाला कुठवर नेतो.

सकाळच्या मेणबत्त्या अर्थातच खराब. पण ह्या खेपंला मी त्या फेकल्या न्हाईत. साचे जसे मांडले व्हते तशाच त्या फळीवर उभ्या करून बघितल्या. सगळ्यांचे चट्टे एकाच अंगाला. दाराकडच्या अंगाला. भिंतीकडं तोंड केलेली बाजू अशी फुललेली की दृष्ट लागावी. म्हंजी माझ्या हातात खोट न्हाई, मेणात खोट न्हाई. मेण निवायच्या आतच कुणीतरी दार उघडतंय, घोंगडं काढतंय, आन् डिसेंबरचं वारं सरळ साच्याला लागतंय.

शनिवार उजाडला. उद्या दयाबाई येणार. शेवटची खेप. मी दुपारी मेण ओतलं, डालगं ठेवलं, घोंगडं टाकलं. तिन्हीसांजंला किटली घेऊन सगळ्यांना दिसंल अशी निघाले. बांधापातूर गेले, किटली ह्यांच्या हातात दिली. "आज तुम्ही जा डेअरीवर."

"आन् तू?"

"मी चोर धरते."

हे हसले. मला हसू आलं न्हाई. मी उसाच्या कडंकडंनं मागारी आले आन् खोलीच्या मागं, पत्र्याला फट हाय तिथं उभी राहिले. पाचट पायाला टोचत व्हतं. सूर्य बुडाला, गारठा अंगात शिरला. मनात शिव्या तयार ठेवल्या व्हत्या. सासूला घालायच्या न्हाईत असल्या शिव्या.

कडी वाजली. दार सताड उघडलं. आत्याबाई आत आल्या. पदर डोक्यावर, मूठ झाकलेली. त्यांनी घोंगडं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं. डालगं उचललं. साच्यांपुढं उकिडव्या बसल्या, गुडघे धरून, कण्हत. वारं सरळ आत शिरलं; फटीतनं मला ते लागलं, मेणाला तर लागलंच असंल.

आता आत घुसायचं म्हणून मी पाऊल उचललं, आन् त्यांची मूठ साच्यांवरनं गोल फिरायला लागली.

"आल्याची, गेल्याची. घरच्याची, दारच्याची. दुकानदाराची, दलालाची. त्या दौंडच्या बाईची. माझ्या सुनंच्या हाताला ज्या कुणाची नजर लागली आसंल, त्याची उतरू दे." मुठीतनं मीठ सांडत व्हतं, मोहरी निसटत व्हती, साच्यांत पडत व्हती. मग त्या थांबल्या. आन् अगदी हळू म्हणल्या, "आन् माझी लागली आसंल, तर माझीबी उतरू दे रं बिरोबा."

माझं उचललेलं पाऊल तसंच राहिलं. शिव्या तोंडातच विरघळल्या.

मी पुढनं दाराशी गेले. आत्याबाई दचकल्या. मूठ पदराखाली लपवली, चोरी धरलेल्या पोरीगत.

"आत्याबाई, हे रोज करता?"

"तू डेअरीला गेलीस का करती. ती दौंडवाली आली, तिनं तुला चोर म्हणलं, तवापासनं तर सोडलंच न्हाई." मग घाईनं म्हणल्या, "तुझा विश्वास न्हाई म्हणून सांगितलं न्हाई. म्हाताऱ्याला म्या दम दिला व्हता."

"आन् तुमची नजर कशी लागंल? तुम्ही घरच्या."

त्यांनी जमिनीकडं बघितलं. "पयली बत्ती तू माझ्या हातात दिलीस, तवा म्या आतनं जळले गं. ह्याच खोलीत म्या उभा जल्म लेंड्या काढल्या, मेलेली कोकरं उचलली. माझ्या हातनं असलं देखणं कायबी निघालं न्हाई. आन् कालची पोर येती काय, हे फुलवती काय! म्या कायबी बोलू शकले न्हाई. घरच्याचीच नजर लई वाईट. तवापासनं म्हणती, माझीच लागली."

माझ्या डोळ्याला पाणी आलं. ते मी लपवलं न्हाई. पण मेण निवत चाललं व्हतं, तेबी दिसत व्हतं. मी डालगं उचलून साच्यांवर ठेवलं, घोंगडं टाकलं, दार लावलं.

"घोंगडं काढलं की वारं लागतं आत्याबाई. त्यानंच चट्टे पडतात. आन् मिठानं खड्डे."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच खुळी. "झाकून ठेवल्यावर दृष्ट निघती व्हय? बघितल्याबिगर लागत न्हाई आन् उघडल्याबिगर निघत न्हाई. दार लावलं तर ती जाणार कुठनं?"

बारावीत हे शिकवत न्हाईत. "मग दलालाला खोली चांगली म्हणून का सांगितलं?"

"खोली चांगलीच हाय! वाईट कशाला सांगू? च्या पाजला आन् सांगितलं, पण आमची सून आत हाय, तवा दुसरीकडं बघ."

हे त्या सांगणार कवा व्हत्या? आन् मी तरी विचारलं कवा?

साच्यांतलं मेण मी परत टोपात घेतलं, वितळवलं आन् फडक्यातनं गाळलं. मीठ-मोहरी फडक्यात राहिली. साचे परत उबेला मांडले. ओतायच्या आधी आत्याबाईंपुढं दोन्ही हात पसरले.

"माझ्या हातांची काढा. मेणाची नको. लागली असंल तर हाताला लागली असंल ना? हात उघडेच हायेत."

त्यांनी जरा विचार केला. हे त्यांना पटलं. दार सताड उघडून माझ्या हातांवरनं मूठ फिरवली, चुलीत टाकली. मग दार लावून मी मेण ओतलं. झाकलं. आत्याबाई दाराला पाठ लावून बसल्या. मामा आले तर म्हणल्या, "तिकडंच थांबा, वारं येतंय." गिताबाईची शेळी आली, तिला काठी बसली.

सकाळी मी साचा उपडा करत व्हते आन् त्या घरातनं हलल्या न्हाईत. म्हणल्या, "म्या न्हाई बघत. तूच बघ."

बुडावर चापट मारली. मेणबत्ती हातात आली. चारी बाजूनं फुललेली, तोंड गुळगुळीत. दुसरी, तिसरी, सगळ्या. मी ओरडले की काय कोण जाणे, मामा बाजेवरनं काठी न घेता उठले.

दयाबाई दुपारी आल्या. एकेक मेणबत्ती उन्हात धरली, फिरवली, डोक्यातला आकडा काढून बुडाला खरवडलं. एक पेटवून बसल्या, धूर येतो का बघत. मेण जळून वाटी झाली तरी बसूनच. हे दाराशी उभे, मामा बाजेवर, मी भिंतीला टेकून. माझी खोली, माझे पाय, सगळं त्या वातीच्या शेंड्याला लटकलेलं. शेवटी त्यांनी फुंकर मारली आन् चष्मा काढला.

"त्या दिवशी मी तुला लागेल असं बोलले. इवाच्या लग्नात तू ये. वेदीवर तुझ्या हातानं मांडायच्या या." मग मेणबत्त्यांकडं बघून मान हलवली. "काय झाल्यात गं! दृष्ट लागेल अशा."

दारामागं भांडं पडल्याचा आवाज आला. आत्याबाईंच्या हातातनं तांब्या निसटला व्हता.

दयाबाईंची रिक्षा गेली. ह्यांनी तिथंच दलालाला फोन लावला आन् "खोली न्हाई द्यायची" एवढं सांगून ठेवला. मग म्हशीला पाणी पाजायला गेले, जसं काही झालंच न्हाई. मी चट्टेवाल्या दोन मेणबत्त्या घेऊन गिताबाईच्या दारात गेले.

"चुकलं माझं," म्हणलं. "माफ कर."

तिनं मेणबत्ती हातात घेतली न्हाई. लांबनंच बघितली. "करणीच्या न्हाईत ना?"

"चट्ट्याच्या हायेत. उजेड तेवढाच देतात."

"ठेव उंबऱ्यावर," ती म्हणली. "आन् नळावर तुझा नंबर माझ्या मागं." एवढ्यावर भागलं, हे माझं नशीब.

घरी आले तर आत्याबाई चुलीपुढं बसलेल्या. खडेमीठ आन् मोहरी मुठीत घेऊन, कुणावरनं उतरायची ते ठरत नसल्यागत. मेणबत्त्या तर दौंडला गेल्या.

मी त्यांची मूठ सोडवली आन् मीठ-मोहरी माझ्या मुठीत घेतली. "सरळ बसा. पाय लांब करा."

"मला काय करतीस? म्हाताऱ्या माणसाला कोण नजर लावतंय?"

"लागली व्हती. तुमचीच तुम्हाला."

त्यांनी पाय लांब केले. मी दार उघडलं, सताड. त्यांच्या कपाळापासनं पायापातूर मूठ फिरवली. शब्द मला पाठ न्हवते, जे ऐकले तेच म्हणले, आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची. शेवटाला म्हणलं, "आन् तुमच्या सुनंची. ती लई संशयी हाय." आत्याबाईंचे डोळे मिटलेले, पण ओठ हसले. मूठ चुलीत टाकली. मोहरी तडतडायला लागली, थांबंचना.

आत्याबाईंनी डोळे उघडले. "बघ," म्हणल्या, "केवढी व्हती."